मागच्याची साक्ष

बापूनं घंटीला पॉलिश मारलं होतं. तिथंच माझं टाळकं सटकलं.

सकाळचे पावणेसहा. शिरूरच्या बायपासजवळच्या मैदानात मांडव घातलेला, मांडवात टेबल, टेबलावर लाल मखमल आणि मखमलीवर सायकलची जुनी पितळी घंटी. आठवड्यापूर्वी बापूनं ती माझ्या घरच्या माळ्यावरून मागून नेली, तेव्हा तिच्यावर हिरवट काळा थर होता, कडेला एक पोचा होता आणि अंगठ्यानं दाबायची पट्टी गंजून बसली होती. आता थर गेला होता. पोचाही ठोकून काढला होता.

"कशी नवरीवानी केलीय बघ," बापू म्हणाला.

"तुला कुणी सांगितला होता शहाणपणा?"

त्याला ऐकू गेलं नाही. त्याच्या हातात माईक आला होता, आणि बापूच्या हातात माईक आला की त्याला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. बापू माझा चुलतभाऊ. एका बोटावर उचलता येतात असल्या सायकलींचं त्याचं शिरूरात दुकान आहे, आणि ही आजची राइडही त्याचीच. शिरूरहून न्हावरा, पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला, यवत. तिथून भुलेश्वरचा घाट चढायचा, पलीकडं माळशिरसला उतरायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि मागं वळून तोच घाट दुसऱ्या अंगानं परत चढायचा. मग आल्या रस्त्यानं शिरूर. एकशे साठ किलोमीटर, बारा तासांत. पुण्याहून दोनेकशे लोक आले होते, कातडीला चिकटलेल्या कपड्यांत, डोळ्यांवर गॉगल लावून. अजून उजाडलंही नव्हतं नीट.

"आणि ही घंटी!" बापू माईकवर गरजला. "आमच्या गावात, भुलेश्वरचा घाट पाय न टेकता चढणाऱ्याला ही घंटी मिळायची. शेवटची ज्यानं जिंकली, तो माझा भाऊ आज पन्नाशीत आपल्यासोबत सायकल चालवतोय. जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. पुढच्या खुर्चीत आबा बसले होते, गावातले सगळ्यात वयस्कर. एके काळी तेच दर वर्षी घंटी ज्याची त्याच्या हातात द्यायचे. त्यांनीही काठी मांडीवर ठेवून थरथरते हात एकमेकांवर आपटले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजला.

ती घंटी माझी नाही. बत्तीस वर्षं माझ्या घरात आहे, पण माझी नाही. ती मी खोटं बोलून मिळवली, आणि ज्याची होती तो सोपान भुलेश्वरच्या फाट्यावर सीताफळं विकतो, हे मला गेली कित्येक वर्षं ठाऊक आहे. म्हणून मी त्या घाटाच्या वाटेला कधी गेलो नाही. मग आज कशाला निघालो? ते मला विचारू नका. कारेगावला नोकरीसाठी घेतलेल्या माझ्या खोलीशेजारी कंपनीतला एक बिहारी पोरगा राहतो, त्यानं विचारलं होतं, "चाचा, बस से चले जाइए ना, इस उमर में क्यों?" त्यालाही मी काही सांगितलं नाही, नुसतं खेकसलो.

"काका, फर्स्ट टाइम?" बाजूच्या एका गॉगलवाल्यानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "शेवटची."

निघालो.

न्हावऱ्यापर्यंत रस्ता सपाट आणि माणसं बडबडी. कुणाच्या मनगटावर घड्याळ बोलत होतं, कुणी हँडलवर लावलेल्या मोबाईलकडं बघत चालला होता. कुठून गेलो, किती चढलो, छाती किती धडधडली, सगळ्याची साक्ष आता यंत्र देतं. मला त्या यंत्राचा राग आला. आमच्या वेळी असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं म्हणून जास्तच आला.

मग उजाडलं, आणि डाव्या हाताला आमच्या गावाकडं जाणारा फाटा लागला. इनामगावच्या अलीकडं घोड नदीच्या काठावर आमचं गाव आहे. वळलो नाही. पण कापून टाकलेल्या बाजरीच्या ओल्या कडब्याचा वास आला आणि पाठोपाठ दुसरे वास आपोआप आले. दुधाच्या किटल्यांचा आंबूस वास. चेनला लावलेल्या काळ्या तेलाचा. ओल्या सुतळीचा. त्या सगळ्या वासांचा एकच दिवस होता आमच्याकडं, श्रावणातला शेवटचा सोमवार.

त्या दिवशी आमचं गाव घोडचं पाणी भुलेश्वरला न्यायचं. आणि न्यायचं ते सायकलवर. कधीपासून, का, कुणी सुरू केलं, याचा शोध घ्यायला आम्हांला कधी सुचलं नाही. गावातल्या दहा-बारा घरांकडं लोटा द्यायचा मान होता. तांबडं फुटायच्या आत बाया नदीवर यायच्या, चिंचेनं घासून लखलखीत केलेला लोटा कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून भरायच्या, तोंडावर केळीचं पान ठेवून वर चिंधी बांधायच्या, आणि आपापल्या पोराच्या हँडलला सुतळीनं अडकवायच्या. काळ्या दुधाच्या सायकली, दणकट, बिनगियरच्या. मागच्या कॅरियरला किटल्या अडकवायचे लोखंडी आकडे तसेच असायचे, ते खडखडायचे. सगळ्यांत पुढच्याच्या हँडलवर घंटी. गाव सोडताना तो ती एकदाच वाजवायचा, आणि नदीवरच्या बाया गप्प व्हायच्या.

घाटाच्या पायथ्याशी म्हसोबा आहे. तिथून वर देवळाच्या फाट्यापर्यंत पाय टेकायचा नाही, ही रीत. पाय टेकला की सायकल थांबवायची आणि लोट्यातलं पाणी तिथंच, जवळच्या झाडाला ओतायचं. ते पाणी देवाचं राहिलं नाही. मग रिकामा लोटा घेऊन वर यायचं. पाय टेकला की नाही, हे कोण सांगणार? मागचा. एकानं एकाचा पाय बघायचा. मागच्यानं सांगितलं 'टेकला', तर टेकला. त्यावर वाद नाही, उलट बोलणं नाही, शपथ नाही. पुढच्या वर्षी तो पुढं आणि तू मागं असणार, म्हणून सगळे खरं बोलायचे. सगळ्यांत शेवटच्याच्या मागं कोणी नसायचं. त्यानं आपलं आपण सांगायचं, आणि गावानं ते मानायचं.

असली भोळसट रीत. आज आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पारगावच्या पुलावर आलो. खाली भीमा जलपर्णीनं हिरवीगार, आणि वास असा की गॉगलवाल्यांनीही नाक मुरडलं. आम्ही इथं थांबायचो, वाळूत सायकली आडव्या टाकून भाकरी खायचो. लोटे मात्र खाली ठेवायचे नाहीत. एकानं जेवायचं, दुसऱ्यानं त्याचा लोटा धरायचा. त्या वर्षी सोपानचा लोटा मी धरला होता.

सोपानचं घर म्हणजे धनगरांच्या वस्तीवरचं पहिलं घर. मेंढरं विकून त्याच्या बापानं नदीकडंला जमीन घेतली होती, तीन-चार वर्षं ऊस लावला होता, आणि गावानं बरीच कुरकुर करून त्या वर्षी त्यांना लोट्याचा मान दिला होता. पहिल्यांदाच. त्याच्या आईनं लोटा किती घासला होता! हातात धरला तर माझं तोंड दिसत होतं त्यात. तोंडाला बांधायला तिनं जुनी चिंधी घेतली नव्हती, अंगावरच्या नव्या लुगड्याचा पदर दातांनी फाडला होता. हिरवा, लाल काठाचा. बांधून झाल्यावर ती माझ्याकडं आली. तिचे हात गार होते, नदीच्या पाण्याचे.

"तू त्याच्या मागं ऱ्हा रं बाळा," ती म्हणाली. "माझं येडं हाय. पडंल कुठं तरी."

मी म्हणालो, राहतो.

चौफुल्याला गुऱ्हाळांचा वास आला. काकवीचा, जळलेल्या चिपाडाचा, तोच, तसाच. माणसं बदलतात, पाटीवरची नावं बदलतात, काकवी मेली बदलत नाही. पुढं यवतपर्यंतच्या हमरस्त्यावर ट्रक अंगाला खेटून जात होते, आणि एक डॉक्टर की कोण बाई माझ्या शेजारून जाताना म्हणाली, "काका, पाणी पीत राहा हं." मी बाटली उचलून तिला दाखवली. पाण्याचं मला सांगू नका, असं ओठांवर आलेलं गिळलं. तिचा काय दोष होता.

म्हसोबाला शेंदूर ताजा होता. साडेदहा वाजले होते, आणि ऑक्टोबरचं ऊन कातळावरून परत तोंडावर येत होतं. घाट सुरू झाला.

या घाटाला काही रूप नाही, मी सांगतो. उघडे दगड, घायपात, वाळलेलं गवत. लोक फोटो काढतात ते देवळाचे. घाट नुसता चढतो. गियर खाली पाडत गेलो, बापूची सायकल हलकी होती, तरी मांड्यांत गोळे आले. पुण्याचे दोघं उतरून सायकल ढकलत होते, हसत होते. त्यांच्या नियमांत पाय टेकायला मनाई नव्हती. कार्डावर शिक्का पाहिजे आणि वेळ पाहिजे, बस.

आणि मग ते वळण आलं. आतल्या अंगाला करंजाचं झाड आहे. तेव्हा मनगटाएवढं होतं, आता दोघांच्या कवेत न मावणारं झालंय. चांगलं पोसलंय.

त्या सोमवारी भुरभुर होती आणि रस्ता ओला होता. आमच्या बरेच आधी निघालेले बाकीचे सगळे खालीच टेकले होते, बापूसुद्धा, आणि झाडांना पाणी ओतून रिकामे लोटे वाजवत पुढं गेले होते. भरला लोटा घेऊन वर जाणारे आम्ही दोघंच उरलो. सोपान पुढं, मी मागं. तो वाकून, दात खाऊन चालवत होता. फाटक्या चपलेचा अंगठा तुटलेला, तरी पाय पायडलवर. नागमोडी, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. पडेल, पडेल असं वाटायचं, आणि पडायचा नाही. माझं पायडल कुईकुई वाजायचं, त्याला मी तेल घातलं नव्हतं. करंजापाशी माझा श्वास संपला. पाय आपोआप खाली गेला. कुईकुई बंद झाली. सोपाननं मागं वळून बघितलं नाही. त्याचं जसं चाललं होतं, तसंच चालू राहिलं. वळणावरून तो दिसेनासा झाला तेव्हा त्याच्या हँडलला हिरवी चिंधी हलत होती. तेवढी मला अजून दिसते.

माझ्या लोट्यातलं पाणी मी ओतलं नाही.

वर फाट्यावर आबा उभे होते. "बोल," मला म्हणाले. "पुढच्याचा?"

"टेकला," मी म्हणालो. "करंजापाशी."

"आन् तुझा?"

"न्हाई."

सोपान माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं सायकल वळवली, वर आणलेलं भरलं पाणी घेऊन परत खाली गेला, आणि करंजाला ओतून आला. आम्ही वरून ऐकलं. घटघट आवाज आला, आणि थांबला. वर आला तेव्हा चिंधी घडी घालून त्यानं खिशात ठेवली होती. आबांनी घंटी माझ्या हँडलला बसवली. संध्याकाळी नदीवर त्याची आई भेटली. रागावलेली नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "कुठं टेकला रं त्याचा पाय?" मी तिला वळण सांगितलं, झाड सांगितलं. ती 'बरं' म्हणाली.

पुढल्या वर्षी गावात मोटारसायकली आल्या, पाणी जीपमधून गेलं, त्याच्या पुढल्या वर्षी गेलंच नाही. सोपानचं घर जमीन सोडून माळशिरसला त्याच्या मामाकडं गेलं. घंटी माझ्याकडं राहिली ती राहिलीच.

तर आज, त्याच करंजापाशी, माझा पाय पुन्हा टेकला. गियरच्या सायकलवर, हेल्मेट घालून. शेजारून एक पोरगी "गुड जॉब काका!" म्हणत वर गेली. गुड जॉब, म्हणे.

फाट्यावर तो होता. छत्रीखाली क्रेट मांडून, पांढऱ्या टोपीत, शेजारी जुनी मोपेड. मी त्याला लांबूनच ओळखलं, खांद्यांवरून. आणि मी काय केलं? मान खाली घातली, जोरात पायडल मारलं आणि पलीकडं उतरलो. उतारावर वारा कानांत ओरडत होता आणि मी त्याच्यावर ओरडत होतो. नेभळट, भित्रा, पन्नास वर्षांचा घोडा. तोंडाला येतील त्या शिव्या मी मलाच दिल्या.

माळशिरसला शिक्का मिळाला. केळं मिळालं. तिथली माणसं म्हणाली, वेळेत आहात काका, बसा जरा. मी बसलो नाही. या बाजूनं चढ लांब आहे, आणि झाड एकही नाही. पाच वेळा पाय टेकला. पाचही मोजले, कुणी मागं नसताना.

फाट्यावर येऊन सायकल आडवी टाकली आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो सीताफळं निवडत होता. डोळे उघडलेली एका क्रेटमध्ये, कच्ची दुसऱ्यात.

"सोपान. ओळखलंस का?"

"मघाशीच वळखलं. मान खाली घालून गेलास तवाच."

मी बोलायचं सगळं ठरवून आलो होतो. म्हणालो एवढंच, "तुझा पाय टेकला नव्हता."

त्यानं एक सीताफळ दाबून बघितलं, खाली ठेवलं. "मला सांगाया आलास व्हय? पाय माझा व्हता. मला तवाच ठावं व्हतं."

"माझा टेकला होता."

"त्ये बी ठावं हाय. तुझ्या पायडलची कुईकुई करंजापाशी बंद पडली. मी काय भैरा व्हतो?"

"मग बोलला का नाहीस, लेका?" मी ओरडलो. खरंच ओरडलो, जणू चूक त्याची होती. "आबांसमोर तिथंच का नाही सांगितलंस?"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "रीत तुमची व्हती," तो म्हणाला. "आमाला पयल्याच साली घेतलं व्हतं रितीत. पयल्याच साली मागच्याचा शबुद मोडायचा, आन् गावानं म्हणायचं, बघा, ह्यांना घेतलं तर हे असं. व्हय ना?"

मी हेल्मेटचा पट्टा सोडला.

"आईला सांगितलं मी. न्हाई टेकला म्हणलं. तर म्हणली, मागच्यानं सांगितलं ना, मंग टेकला आसंल, तुला कळलं नसंल." त्यानं एक कच्चं सीताफळ दुसऱ्या क्रेटमध्ये टाकलं. "मरंपतूर इचारायची. कसा रं टेकला तुझा पाय? पानी वर जाऊन माघारी कसं आलं? तिला सांगाया पायजे व्हतं तू. ती गेली. आता मला सांगून काय करतो? ज्यांना ठावं न्हाई आन् जित्ते हायेत, त्यांना सांग जा."

मग तो गिऱ्हाइकाकडं वळला. मी भर उन्हात त्याच्या क्रेटांपुढं उभा होतो, ओठ फुटलेले, आणि त्यानं मला पाणी विचारलं नाही. आमच्या भागात वाटसरूला पाणी विचारत नाहीत असं होत नाही. मी बाटली उचलून बघितली. तळाला दोन घोट होते. तेही त्याच्यासमोर प्यायला झाले नाहीत.

परतीचं मला फार आठवत नाही. पूर्वेचा वारा छातीवर हात ठेवून मागं ढकलत होता. चौफुल्यापासून मागची गाडी, म्हणजे ज्यात दमलेल्यांना घालतात ती, माझ्या पाठीशी लागली. ड्रायव्हर खिडकीतून सांगत होता, "काका, बसा आता, लई झालं." मी त्याला अशी शिवी हासडली की तो दोन किलोमीटर मागं राहिला. बसणार नव्हतो. मला बापूचा मांडव उतरायच्या आत पोचायचं होतं. आबा गाडीत बसून गावाला जायच्या आत. एवढंच डोक्यात होतं, बाकी मांड्यांत आग आणि तोंडात धूळ.

पोचलो तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. निम्म्या खुर्च्या घडी करून रचल्या होत्या. आबा होते.

"आला!" बापूचा माईक. "आपला घाटाचा राजा आला! वाजव रे घंटी, तुझ्या हातानं वाजव!"

मी घंटी उचलली. वाजवली नाही. दुसऱ्या हातानं बापूचा माईक काढून घेतला. त्याला वाटलं, आभार मानतोय, त्यानं दिला.

"ही घंटी माझी नाही," मी म्हणालो. माईकमधून माझाच आवाज मैदानाच्या टोकाला जाऊन परत आला, तो मला आवडला नाही. "सोपानचा पाय टेकला नव्हता. माझा टेकला होता. मी खोटं बोललो."

कोण सोपान, कसला पाय. लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणी तरी हसलं. बापूनं माईक ओढून घेतला. "ऊन लागलंय भावाला," तो म्हणाला. "दीडशेच्या वर झाल्यात किलोमीटर, कुणाचंबी डोकं फिरंल!" मग जास्त लोक हसले.

काठी जमिनीवर आपटली. "परत सांग," आबा म्हणाले. "मला कमी ऐकू येतंय."

मी त्यांच्यापुढं जाऊन गुडघ्यांवर बसलो, उभं राहवत नव्हतं म्हणून, आणि माईकशिवाय परत सांगितलं. करंज सांगितला. कुईकुई सांगितली. त्याच्या आईनं मला त्याच्या मागं राहायला सांगितलं होतं, तेही सांगितलं. बापूचं हसू मावळलं. त्यालाही ती बाई आठवली असणार.

"अहो आबा," तो म्हणाला, "बत्तीस वर्षांनी आता कुणाचं काय खरं धरायचं?"

"त्याच्या मागं कोण व्हतं?" आबांनी माझ्याकडं काठी करून बापूला विचारलं.

"कोण न्हवतं."

"मंग त्याचाच शबुद. घ्या धरून." आबांनी माझ्या हातातली घंटी घेतली, चकचकीत कडेवरून अंगठा फिरवला, तोंड वाकडं केलं, आणि परत माझ्या हातात दिली. "घंटी देशील रं नेऊन. पानी कुठनं देशील?"

एका पोरीनं माझ्या गळ्यात मेडल घातलं. वेळेत आलात, म्हणाली.

कारेगाव-रांजणगावच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. सोमवार मला जमणार नव्हता. गुरुवारी तांबडं फुटायच्या आत मी घोडच्या पात्रात कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. पाणी पूर्वीचं राहिलं नाही, हाताला बुळबुळीत लागतं. लोटा चिंचेनं घासला होता. चिंधी माझ्या शर्टाची फाडली. माळ्यावरची काळी सायकल काढली होती, तिला घंटी बसवली, पायडलला तेल घालायचं मुद्दाम टाळलं.

म्हसोबापाशी पोचायला दुपार झाली. तिथं सोपान मोपेडवर बसला होता. मी आदल्या दिवशी निरोप ठेवला होता, पण येईल असं वाटलं नव्हतं. मी हँडलवरची घंटी काढायला लागलो.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पानी आधी. वर पोचलास की मंग बघू."

चढलो. माझ्या कुईकुईमागं त्याच्या मोपेडचा फटफट आवाज येत राहिला, दहा हात अंतर ठेवून. जवळ आला नाही, मागं पडला नाही. कातळ तापला होता, लोटा हँडलवर डुचमळत होता, डोळ्यांत घाम जाऊन वळण दिसत नव्हतं. करंजाची सावली अंगावर आली आणि उजवा पाय गेला. जमिनीला लागलेला मला कळला.

"टेकला," मीच ओरडलो, त्याच्या आधी.

"व्हय," मागून आवाज आला. "टेकला."

मी चिंधी सोडली, पाणी करंजाच्या बुडाशी ओतलं. घटघट वाजलं आणि जमिनीत जिरलं. मला रडू फुटलं, म्हणून मग मी झाडाला शिव्या घातल्या. सोपान मोपेड बंद करून बघत होता. मग त्यानं मोपेडच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि माझ्याकडं फेकली. मी झेलली.

"पुढल्या गुरुवारी ये," तो म्हणाला आणि किक मारली. "मी मागं हाय."